दस्तऐवजापुरतं पोर्तुगीज

पणजीत पोर्तुगीज शिकायची सोय आहे. कामोंइश संस्थेचं केंद्र आहे, फोंतैनशमध्ये फुंदासांव ओरिएंत आहे, गोवा विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कामधंदा सांभाळून संध्याकाळी वर्गाला बसणारी प्रौढ मंडळी पहिली पायरी हौसेनं चढतात. गळती लागते ती मधल्या पायरीवर, युरोपीय चौकटीत जिला बी-वन म्हणतात तिथं. उत्तर गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीचा माणूस गळला की दोष आळसाला किंवा शेवटच्या बसला दिला जातो. मला तो अभ्यासक्रमाचा वाटतो.

डिचोली पोर्तुगिजांकडे गेली 1781 साली, पेडणे 1788 साली. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नंतर जोडलेल्या मुलखातल्या, या गावांत देवळं राहिली, कीर्तनं राहिली, हिशेब मराठीत राहिले. देशप्रभूंसारखी दरबारी वजन असलेली मोजकी घराणी सोडली, तर पोर्तुगीज भाषा इथं माजघरात आलीच नाही. ती आली कागदावर: विक्रीखत, जन्मनोंद, वाटणीचा इन्व्हेंटारियो. आमचे रीतिरिवाजसुद्धा तिनंच लिहून ठेवले. गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता 1880 सालची. पहिली बायको तिशी ओलांडेपर्यंत मुलगा झाला नाही, तर कोणत्या अटींवर दुसरं लग्न करता येईल, हेही त्यात कलमवार आहे. ज्या बायकांबद्दल हे लिहिलं, त्यांतल्या कितीजणींना ते वाचता आलं असतं?

अशा घरातला पन्नाशीचा माणूस वर्गात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत आजोबांच्या नावचं एखादं खत असतं. वर्गात मात्र चाललेलं असतं लिस्बनच्या कॅफेत कॉफी कशी मागवावी. सुरुवातीला ते ठीक. कान तयार व्हायला हवाच. पण मधल्या पायरीवर वाट ठरवावी लागते. दस्तऐवजाचं पोर्तुगीज निराळं. एक वाक्य अर्धं पान चालतं, शब्द तोडून लिहिलेले, पाठीमागची शाई पुढं झिरपलेली. त्यात ‘असं घडलं तर’ सांगणारं भविष्यार्थी रूप जागोजाग. नियमित क्रियापदांत ते प्रथम आणि तृतीय पुरुषी एकवचनात मूळ धातुरूपासारखंच दिसतं, त्यामुळे नवखा फसतो. विकणारा मुदतीत पैसे परत करील तर जमीन त्याची, ही अट त्याला झालेल्या व्यवहारासारखी वाटते. एवढ्यावर कोर्टकज्जे उभे राहतात.

वकील भाषांतर करून देतो, मग शिकायचं कशाला, असं कुणी म्हणेल. दोघा भावांत बांधावरून वाद लागला की भाषांतर एका बाजूच्या पैशानं होतं, आणि दुसऱ्याला त्यावर मान डोलवावी लागते. तेव्हा कलम बोटानं दाखवण्याइतकं वाचता आलं, तरी बोलणी बरोबरीची होतात. 1961 सालच्या गोवा मुक्तीनंतरची जमीन मोजणी आणि जमिनीच्या नोंदींचे एक-चौदाचे उतारे आले म्हणून जुनी खतं मेलेली नाहीत. मालकीचा प्रश्न मुळाशी गेला की ती पुन्हा टेबलावर येतात.

बोलण्याला आणि वाचण्याला दोन्हींना महत्त्व देणारी चौकट परदेशी जाणाऱ्या तरुणाला शोभते. त्यानं ती जरूर घ्यावी. पण मधल्या पायरीवरचा एखादा वर्ग केवळ वाचनाचा असावा, जुन्या हस्ताक्षरासकट, आणि तो डिचोलीत भरावा. जुनी नोंदणी पुस्तकं सराईतपणे वाचणारी माणसं आता थकली आहेत. शिकवायला बोलवायचं तर त्यांना आताच बोलवायला हवं.