वारल्यांना जाग कोणी आणली?

पूर्वपक्ष: २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरीत हजारो वारली आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करणार नाही म्हणाले. त्यात जर्मन तत्त्वज्ञ हेगेल कुठून आला?

उत्तर: हेगेल आला नाही, शेतकऱ्यांची डावी संघटना किसान सभा आली. पण तिच्या मार्क्सवादाचा कणा हेगेलचा होता. मालकाचं मालकपण दासाने ते मानण्यावर टिकतं, आणि वस्तू घडवता घडवता दासालाच स्वतःची ओळख पटते, असं हेगेलने १८०७मध्ये मांडलं. मार्क्सने त्या दासाच्या जागी कामगार पाहिला. पुढे १९३७मध्ये याच परंपरेतल्या होर्कहायमरने विचारवंतालाही सोडलं नाही: ज्या समाजाचं वर्णन करतोस, त्याच्या अन्यायात तुझ्या विचाराची जागा कोणती, असा त्याचा सवाल होता. आज समाजाची चिकित्सा करणारे अनेक जण हाच सवाल घेऊन निघतात.

पूर्वपक्ष: श्रमाने ओळख पटते, तर लग्नगड्याला का पटली नाही? लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे जन्मभर राबत.

उत्तर: इथे हेगेल अपुरा पडतो. कापलेलं गवत मालकाच्या गंजीत जातं. त्यात राबणाऱ्याला स्वतःचं काही दिसत नाही. शिवाय हेगेलचा दास मालकासमोर एकटा आहे. झरीत सगळ्यांनी मिळून नकार दिला, बारा आणे रोज मागितला. जाग आली ती या एकीतून.

पूर्वपक्ष: जाग म्हणताना तुम्ही झोप गृहीत धरता. आपल्यावर काय चाललंय, हे वारल्याला पुरतं ठाऊक होतं. त्याच्यापाशी अज्ञान नव्हतं, भीती होती. किसान सभेच्या गोदूताई परुळेकरांनी ज्ञान नाही, सोबत दिली. तुमच्या परंपरेला मात्र दुसऱ्याच्या वतीने जागं राहायची फार हौस!

उत्तर: हा घाव वर्मी बसतो. तरी १० ऑक्टोबर १९४५च्या तलवाड्याला वारल्यांवर झालेल्या पोलिस गोळीबारानंतरही लढा थांबला नाही, तो केवळ सोबतीवर नव्हे. मालकाची सत्ता आपल्या होकारावर उभी आहे, हे तोवर अनुभवाने कळलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ होनेथ १९९२मध्ये म्हणतो तेच: अवहेलना एकट्याची राहत नाही, तेव्हा तिचा संघर्ष होतो.

पूर्वपक्ष: मग संघर्ष ओळखीसाठीच असेल, तर २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय कबूल केला, तिथेच तो संपायला हवा. पण याच भागातल्या वैतरणा नदीचं पाणी १९५७च्या मोडकसागर धरणातून आजही मुंबईला जातं. ओळख पाड्याला, पाणी शहराला.

उत्तर: त्या पाण्यापुढे होनेथ पुरत नाही, मार्क्सकडे परतावं लागतं. तोही धरण कोणाच्या मालकीचं, एवढंच विचारील. धरण हवं होतं का, हे पाड्याला विचारायची सोय या दोघांच्याही विचारात मला सापडत नाही.