ताईनं काय केलं?

२०२४ चा पोळा आमच्याकडे पाण्यातच गेला. १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की हदगाव तालुक्यात बैल सजवायचं कुणाच्या मनातच नव्हतं. सगळे सोयाबीनकडे बघत होते.

मी पुण्याहून सणाला गावी आलेलो. पीकविम्याचा तेव्हाचा नियम असा, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचं. ॲप उघडा, मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, गट नंबर, फोटो. रेंजची एकच कांडी. मी ओट्यावर बसलो आणि दोन दिवसांत साठेक जणांच्या नोंदी करून दिल्या. 'काका, ओटीपी सांगा' एवढंच बोलत होतो. लोक चहा आणून देत होते. खोटं कशाला बोलू, भारी वाटत होतं.

माझी चुलत बहीण तेव्हा एमएसडब्ल्यू करत होती. ती शेजारच्या वस्तीवर होती. तिनं नोंदी केल्या फक्त नऊ. म्हणजे तिनं नाहीच केल्या. ती नुसती बाजूला बसली आणि घरातल्या सुनेला, पोरीला, जो कुणी फोन हाताळेल त्याला करायला लावलं. चुकलं तर परत. या नादात एका म्हाताऱ्या बाईंची मुदत हुकली. वस्तीवर बोललं गेलंच: ताईनं काय केलं?

मीही तेच विचारलं. जरा चढ्या आवाजात.

"त्यांची नोंद मीच करायला पाहिजे होती, दादा. ते चुकलं माझं," ती म्हणाली. "पण बाकीच्या नऊ घरांत चुकलं नाही."

तेव्हा मला हे उत्तर पुस्तकी वाटलं. आपल्याकडे समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं, आज जिला टिस म्हणतो त्या संस्थेत. या अभ्यासक्रमांत वर्गासोबत क्षेत्रकार्यालाही वजन आहे. व्यक्ती सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवतात, आणि त्या सगळ्याखाली एक तत्त्व असतं, स्वयंनिर्णयाचं. समोरच्याचा निर्णय समोरच्याचा. बहिणीच्या डायरीत हे लाल पेनानं लिहिलेलं मी पाहिलंय. पण त्याच अभ्यासक्रमात 'नेतृत्व' पण असतं, आणि प्रत्येक कार्यक्रमात हार-शाल असतेच. सेवा करणारा तोच पुढारी, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की मदत करून मागे सरकणारा माणूस आपल्याला कामचुकारच वाटतो.

याचं दुसरं टोक आपल्याच भागात घडलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढं लातूर-उस्मानाबादमध्ये घरदुरुस्तीचा मोठा सरकारी कार्यक्रम आला. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांनाच 'संवाद सहाय्यक' म्हणून उभं केलं. कुणाला काय मिळणार आहे, भिंत भूकंपात टिकेल अशी कशी बांधायची, हे त्या घरोघरी सांगायच्या आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. बाहेरचे कार्यकर्ते हे सगळं स्वतः करू शकले असते, बहुतेक जास्त वेगानं. पण गावाला माहिती असलेली माणसं गावातच राहावीत, हा हिशेब होता.

आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? आकडा एक असेल तर त्या माणसाला कुणी शाल देत नाही, मॅनेजर घाबरतो. गावात मात्र तो आकडा एक असला की आपण त्याला नेता म्हणतो.

२०२५ च्या खरिपापासून विम्याचे नियम बदलले. भरपाई पीककापणी प्रयोगावर ठरणार, म्हणजे मी शिकलेलं ॲप निरुपयोगी. पाऊस त्याही वर्षी झाला. मला तीसेक फोन आले, यंदा कसं करायचं म्हणून. वस्तीवरच्या दोन सुना स्वतः कृषी कार्यालयात विचारून आल्या होत्या. त्यांना काही जास्त मिळालं असं नाही. फक्त काय होणार नाही हे त्यांना आधी कळलं.

तरीही मी पूर्ण तिच्या बाजूला जात नाही. ७२ तासांच्या घड्याळापुढं स्वयंनिर्णय शिकवत बसणं ही चैन असू शकते, आणि त्या चैनीची किंमत त्या म्हाताऱ्या बाईंनी दिली. बहिणीनं अजून स्वतःला त्याबद्दल माफ केलेलं नाही, आणि करूही नये असं मला वाटतं. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन दिवसांत मी साठ माणसांना एकच सवय लावली: फोनवर आकडे आले की मागेल त्याला वाचून दाखवायचे.

परवा मीटिंगमध्ये असताना एका काकांचा फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणून कुणीतरी दुसऱ्या फोनवर होता.

"ओटीपी मागायलाय बाबा. सांगू का?"

मी किंचाळून नको म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. विचारायला मी होतो म्हणून वाचले. मी मीटिंगमध्ये परत गेलो, पण उरलेल्या एकोणसाठ जणांचे नंबर डोक्यातून जाईनात.