जोडीतला दोष कुणाचा?



संध्याकाळी मैदानात मुले जोडीने बॅडमिंटन खेळत असतात. शटल दोघांच्या मधोमध पडले की हमखास आवाज येतो, "तुझे होते!" "नाही, तुझे होते!" ऐकून आपण हसतो. पण हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. दोघांनी मिळून केलेल्या कृत्याचा दोष कुणाचा? आणि एकदा दोषी ठरलेल्या माणसाचे पुढे काय? इंडोनेशियाची दुहेरीतील खेळाडू ग्रेशिया पोली हिची कारकीर्द या दोन्ही प्रश्नांपाशी आपल्याला आणून सोडते.

२०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची गटसाखळी प्रथमच ठेवण्यात आली होती. महिला दुहेरीत काही जोड्यांचा उपान्त्यपूर्व फेरीतील प्रवेश आधीच पक्का झाला होता. शेवटचा सामना हरले, तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळणार होता. मग एक विचित्र दृश्य जगाने पाहिले. नावाजलेल्या खेळाडू मुद्दाम जाळ्यात सर्व्हिस मारू लागल्या, शटल बाहेर घालवू लागल्या. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या स्पर्धेतून बाद झाल्या. 'जिंकण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न केला नाही' हा मुख्य ठपका होता. इंडोनेशियाच्या त्या जोडीत मेलियाना जौहरीबरोबर ग्रेशिया होती. तिने अजून पंचविशीही गाठली नव्हती.

या खेळाडूंच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. पद्धतच सदोष होती. सुरुवात दुसऱ्यांनी केली. पदक मिळवणे हा हेतू वाईट नव्हता. हे सारे खरे आहे. पुढच्या ऑलिंपिकसाठी पद्धत बदलावी लागली, गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकण्याचे ठरले.

तरीही संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवलेला भेद येथे उपयोगी पडतो. कृत्य काय होते, हेतू काय होता आणि परिस्थिती कोणती होती, या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. परिस्थितीमुळे दोष हलका होऊ शकतो, पण चांगल्या हेतूने खोटे कृत्य खरे होत नाही. खेळण्याचे सोंग करणे म्हणजे खेळणे नव्हे. आणि दोष ही काही भाकरी नव्हे, की दोघांत वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी येईल. रॅकेट ज्याच्या हातात, तो आपल्या फटक्याला पूर्ण जबाबदार.

आपल्या सोसायटीच्या, पतपेढीच्या, गावच्या समितीच्या बैठकीत आपण किती सहजपणे म्हणतो, "सगळ्यांनी सही केली, म्हणून मीही केली." सही मात्र ज्याची त्याचीच असते.

पण गोष्ट येथे संपत नाही. शिक्षा योग्य होती, असे म्हणताना माणूसच संपला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. ग्रेशिया पुन्हा खेळू लागली. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत नित्या कृशिंदा महेश्वरीबरोबर तिने सुवर्णपदक जिंकले. पुढे नित्याला दुखापतीने ग्रासले. ग्रेशियाच्या मनात निवृत्तीचा विचार आला. अशा वेळी २०१७ साली तिची जोडी जमली ती अप्रियानी राहायू या सुमारे अकरा वर्षांनी लहान मुलीशी.

२ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत या दोघींनी चीनच्या छेन छिंगछेन आणि ज्या यीफान यांना २१-१९, २१-१५ असे हरवले. इंडोनेशियाचे महिला दुहेरीतील ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्याच अंतिम सामन्यात ऐन रॅलीत ग्रेशियाच्या रॅकेटची तार तुटली. ती धावत बाजूला गेली, दुसरी रॅकेट उचलून परत आली. तेवढे क्षण अप्रियानीने एकटीने मैदान सांभाळले. २०२२ साली ग्रेशिया निवृत्त झाली.

ते सुवर्ण मिळाले नसते, तर? तरीही तिचे परत उभे राहणे तेवढेच मोलाचे ठरले असते. पदकाने जुना डाग पुसला असे मी म्हणणार नाही. लंडनमध्ये जे घडले ते घडलेच. पण त्यानंतरची नऊ वर्षेही तेवढीच खरी आहेत. माणसाचा हिशेब करताना वहीचे एकच पान उघडून चालत नाही.

आपल्या आसपासही अशी माणसे आहेत. कुणी पैशाच्या व्यवहारात घसरला, कुणाचे नाव एकदा चारचौघांत खराब झाले. लग्नात, मयतात त्यांच्याशी आपण दोन शब्द बोलतो, पण एखाद्या कामात जोडीला घ्यायचे म्हटले की मागे सरतो. दोष ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, तो दुसऱ्याला वाटून घेता येत नाही. पण त्याची तार तुटलेली असताना चार क्षण मैदान सांभाळणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

या आठवड्यात अशा एकाचे नाव आपण मनाशी आठवावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू