‘नको’ म्हणायला जागा

इचलकरंजीत जो मागावर उभा राहिला, त्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आलीच. कारखान्यात सुताचे तंतू उडत असतात, तिथं विडी पेटवणार कशी? आणि रात्रपाळीत डोळा लागून चालत नाही. आप्पांनी उभं आयुष्य असंच काढलं. आधी दुसऱ्याच्या मागावर, मग स्वतःचे चार माग घेऊन. त्या मागांनी घर बांधून दिलं, लेकीला इंजिनिअर केलं आणि आप्पांचे दोन्ही कान निम्म्यावर आणले. घरात त्यांच्याशी सगळेच ओरडून बोलत. ‘आप्पा, चहा घेता का?’ हेसुद्धा शेजाऱ्यांना भांडण वाटायचं.

दाताच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. तंबाखू बंद करा, काही दिवसांनी पुन्हा बघू, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवू, असं सांगितलं. आप्पांनी मान डोलावली. खाली येऊन रिक्षात बसले, डाव्या तळहातावर चिमूट टाकली, नखानं चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागले. लेक शेजारीच बसली होती.

लेक पुण्यात आयटीत. कुठलंही काम अडलं की मोबाईलवर त्याचा माणूस शोधायचा, ही तिची सवय. आप्पा दवाखान्यात जाऊन बसणार नाहीत, ‘डोक्याच्या डॉक्टरकडं जायला मी काय येडा झालोय?’ म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं ऑनलाइन थेरपिस्ट शोधायला घेतला. पहिल्याच दिवशी एक सापडला. नावापुढं पदव्यांची रांग, भिंतीवर प्रमाणपत्रं, बोलणं फर्डं. सुट्टीत घरी आल्यावर तिनं आप्पांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्या गृहस्थांनी तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवले, वर्षाला किती पैसे थुंकून टाकता याचा हिशेब मांडला, नातवंडांचं तोंड आठवा म्हणाले. आप्पा प्रत्येक वाक्याला ‘व्हय, व्हय’ करत होते. निम्मं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. उरलेलं निम्मं बायकोकडून, डॉक्टरांकडून आणि लेकीकडून आधीच ऐकलेलं होतं. कॉल संपला, आप्पा मागच्या दारी गेले आणि बार भरला. आपल्याकडं ‘व्हय, व्हय’ हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, हे त्या गृहस्थांच्या कुठल्या अभ्यासक्रमात नसावं.

लेकीची मावसबहीण व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या तासाभरात बोललं कोण जास्त?”

“तेच बोलले. आप्पा काय बोलणार?”

“मग पैसे त्यांनी आप्पांना द्यायला पाहिजे होते.”

मग तिनं ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या बोलण्याच्या पद्धतीबद्दल सांगितलं. हिची सुरुवात नॉर्वेतली. 1982 साली विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तरुण मानसतज्ज्ञांना शिकवायला गेले होते. ते रुग्णांशी कसं बोलतात हे बघताना ती मंडळी त्यांना मध्येच थांबवायची: हाच प्रश्न का विचारला, तो दुसरा का नाही, आत्ता गप्प का राहिलात? उत्तरं देता देता मिलरना आपलीच पद्धत नीट दिसली. 1983 साली त्यांनी ती लेखात मांडली आणि 1991 साली स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं. गाभा एवढाच की व्यसनी माणसाच्या मनात ‘सोडावं’ आणि ‘राहू दे’ हे दोन्ही एकदम नांदत असतात. तुम्ही ‘सोडावं’ची वकिली घेतली की ‘राहू दे’ची वकिली त्याच्याकडं जाते. आणि माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्यापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेलं जास्त पटतं. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जो समुपदेशक दारू पिणाऱ्याला जितका जास्त सामोरा जाऊन खडसावत होता, तितकी त्याच्या रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त निघाली. आपल्याकडच्या किती घरांत हा अभ्यास रोज संध्याकाळी नव्यानं होतो, कोण मोजणार?

“असा माणूस शोधू कसा?” लेकीनं विचारलं. “सगळ्यांनीच आपल्या माहितीत वीस-वीस पद्धती लिहिल्यात. त्यात हीसुद्धा असते.”

“लिहायला काय जातंय? या पद्धतीचं सरकारी लायसन काही नसतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का बघ. ते मूळ शिक्षणाचं झालं. मग विचार, ही पद्धत शिकताना तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग कुणी ऐकून चुका दाखवल्या का? दोन दिवसांच्या कार्यशाळेनं हे अंगवळणी पडत नाही. आणि शेवटचं विचार, समोरचा ‘नाही सोडणार’ म्हणाला, तर तुम्ही काय करता? उत्तर देताना घाई झाली, तर फोन ठेव.”

ही कसोटी चांगली आहे, कारण ती पदवीपेक्षा कान तपासते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेली साधी माणसं याच पद्धतीत तयार केली आणि ती बोलतात कशी यावर लक्ष ठेवलं. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार, तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या 36 टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीच्या खाली आलं होतं. नेहमीचे, जरा सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हाच आकडा 26 टक्के होता. जे पितच राहिले, त्यांच्या पिण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. जादू नाही, पण दहा टक्के म्हणजे किती घरं!

लेकीनं फोन लावायला घेतले. एकजण म्हणाले, ‘मी नकार ऐकतच नाही.’ दुसऱ्यांनी पहिल्याच फोनवर तंबाखू सोडायची तारीख मागितली. मग एक मॅडम मिळाल्या. मराठी चांगलं, स्वतःबद्दल फार न सांगणाऱ्या. रेकॉर्डिंगचा प्रश्न विचारल्यावर त्या हसल्या. “ऐकली की. पहिल्या वर्षी तर माझा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटायची. केवढी बोलायचे!” आणि ‘नाही सोडणार’ म्हटलं तर? “मग मी विचारते, ‘नाही’ म्हणण्यामागं काय आहे. तिथं बरंच काही असतं.”

लेक खूश झाली. “मग कधी बोलता आप्पांशी?”

“ते तयार आहेत का?”

“छे! म्हणून तर तुम्ही त्यांना पटवून द्यायचंय.”

“आजवर कुणी कुणी पटवलं?”

“सगळ्यांनी.”

“आणि ते काय म्हणतात?”

“व्हय म्हणतात.”

“म्हणजे पटलेलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तरी चालू आहे. मग मी आणखी काय पटवणार? ते नको म्हणत असतील, तर मी त्यांच्याशी बोलणार नाही. ‘नको’ म्हणायला जागा नसेल, तर त्यांच्या ‘हो’लाही किंमत नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही बोला माझ्याशी.”

लेकीला राग आला. तंबाखू बाप खाणार, चट्टा बापाच्या गालात, आणि फी भरून बोलायचं आपण? इथं बहुतेक माणसं दुसरा नंबर शोधतात. तिनंही दोन दिवस शोधला. मग मुकाट्यानं वेळ घेतली.

मॅडमनी तिला एकही उपदेश केला नाही. प्रश्न विचारले, तिनं सांगितलेलं तिलाच पुन्हा ऐकवलं, आणि अखेरीस म्हणाल्या, “एक सुचवू का? पटलं तर घ्या. या खेपेला घरी गेलात की तंबाखूबद्दल काही सांगू नका. फक्त विचारा, तंबाखूत त्यांना काय बरं वाटतं.”

“काय *बरं* वाटतं?”

“हो. वाईट काय ते त्यांना तोंडपाठ आहे.”

शनिवारी दुपारी लाईट गेली होती. माग थांबले की कारखान्यात जी शांतता होते, ती मागवाल्याला सोसत नाही. आप्पा बाकड्यावर बसून धोटे पुसत होते. लेक त्यांच्या उजव्या बाजूला बसली, कारण तो कान जरा बरा, आणि न ओरडता, कानाजवळ जाऊन विचारलं, “आप्पा, तंबाखू खाल्ली की नेमकं काय बरं वाटतं हो?”

आप्पांनी आधी तिच्याकडं संशयानं बघितलं. नवी काहीतरी चाल असणार. मग तिला खरंच ऐकायचं आहे असं दिसल्यावर म्हणाले, “रातच्याला दोन वाजता तार तुटली की हात चालत न्हाई गं. हिच्यावर चालतो. आणि बोलायचं तरी कुणाशी? ह्या खटखटीत कोण कुणाचं ऐकतंय? मळायची, तोंडात टाकायची, सोबत झाली.”

लेक गप्प राहिली. तिच्या मते हे तिनं केलेलं सर्वांत अवघड काम होतं, आणि ती अमेरिकेच्या क्लायंटला रात्री बारा वाजता तोंड देणारी मुलगी आहे.

धोटा खाली ठेवून आप्पा आपणहून पुढं बोलले. “पर आता तांबडा रस्सा जात न्हाई. घास घेतला की तोंडात आग. परवा पाव्हण्यांच्या जेवणात पांढऱ्यावरच भागवलं. लोकांना वाटलं, ह्यो पथ्यावर हाय.”

‘मग सोडा की!’ हे तीन शब्द लेकीच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. “कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला तांबडा सोडायला लागला,” ती म्हणाली. “फारच झालं.”

“फार म्हंजे? ठेचा बंद, लोणचं बंद. तुझी आई भाजीत तिखट घालायची बंद झाली. सगळ्या घरानं अळणी खायचं माझ्यापायी?”

कॅन्सरच्या फोटोंनी जे झालं नव्हतं, ते रश्श्याच्या वाटीनं होत होतं. दर माणसाचं कारण त्याचं त्याचं असतं, आणि ते त्याच्या हितचिंतकांच्या यादीत बहुधा नसतं. लेकीच्या यादीत नातवंडं होती, आयुर्मान होतं, हॉस्पिटलचा खर्च होता. रस्सा नव्हता.

आप्पा उठले. फळीवरची हिशेबाची वही काढली आणि मागचं पान तिच्यापुढं धरलं. पेन्सिलीनं एक नंबर लिहिलेला होता: 1800-11-2356.

“हा कुणाचा?”

“पुडीवर असतोय की.”

2018 पासून तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा फुकट नंबर छापतात. लेक महिनाभर जगभरचं जाळं पालथं घालत होती, आणि नंबर आप्पांच्या खिशात रोज येत-जात होता.

“लावला होता?”

“दोनदा. पोरगी चांगली बोलत असावी. मला काय बी ऐकू येईना. किती वेळा ‘आँ?’ म्हणायचं? लाज वाटली, ठेवून दिला.”

सोडायची इच्छा नाही म्हणून घर ज्या माणसाशी भांडत होतं, त्यानं एकट्यानं दोन वेळा फोन केला होता. त्याला कमी पडलं होतं ते ऐकू येणं. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळे सांगत होते.

लेकीनं आपला हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, आवाज पूर्ण वर नेला आणि गाणं लावलं. आप्पांचे डोळे मोठे झाले. “ह्यात तर तबलाबी कळतोय!” मग तिनं विचारलं, एक मॅडम आहेत, मराठीत बोलतात, ह्या यंत्रातून. बोलायचं का? नको असेल तर नको.

आप्पांनी “बघू” म्हटलं. ‘व्हय’ म्हटलं नाही, ही चांगली खूण होती.

पहिला कॉल आप्पांनी आतल्या खोलीत दार लावून घेतला. दार लावून उपयोग नव्हता. बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो, आणि कानावर हेडफोन असला की आणखीनच. मॅडमची बाजू कुणाला ऐकू आली नाही, पण आप्पांची अख्ख्या गल्लीनं ऐकली.

“सोडायचं किती मनात हाय? …सहा! …दहात सहा म्हणा की. …आँ? तीन का न्हाई म्हंजे? तीन कसं असंल? रस्सा जात न्हाई तोंडात, तीन कसं? …आणि त्यो चट्टा. …व्हय, भ्या वाटतंय की. कुणाला सांगू? …न्हाई, घरी न्हाई सांगितलं.”

स्वयंपाकघरात आई पोळी लाटताना थांबली होती.

पुढचं फार सरळ झालं असं नाही. तंबाखूच्या बाबतीत एकट्या या पद्धतीचा पुरावा तितका भक्कम नाही, आणि मॅडमनीही तसं आडपडदा न ठेवता सांगितलं. निकोटिनच्या गमसाठी त्यांनी आप्पांना डॉक्टरांकडं पाठवलं, दाताच्या डॉक्टरांची तारीख चुकवू नका म्हणाल्या. दिवसाच्या पुड्या कमी झाल्या, मग सुताच्या पैशांवरून व्यापाऱ्याशी वाजलं त्या आठवड्यात पुन्हा वाढल्या. लेकीनं फोनवर काही विचारलं नाही. आप्पांनीच सांगितलं, आणि त्याच दमात पुढच्या कॉलचा वार बदलायला सांगितला: सोमवारी नको, सोमवारी बीम चढवायची आहे.

“ते तुम्हीच कळवा त्यांना,” लेक म्हणाली. “बोलणं तुमचं आहे.”

दिवाळीत ती घरी आली तेव्हा समोरच्या काकू लगबगीनं आल्या. त्यांचा थोरला मावा खातो, दिवसाला किती याला गणती नाही. “तुझ्या त्या फोनवरच्या बाईचा नंबर दे गं. म्हणावं, ह्याला चांगलं झापा. असं झापा की ह्याची खोडच मोडली पाहिजे.”

“देते की काकू. पण त्याचं काय म्हणणं आहे? विचारलंत का त्याला?”

“त्याला काय विचारायचंय?” काकू म्हणाल्या. “मला ठाऊक आहे ना!”