खोट आणि खोटं

“नुसतं बोलून बरं झालं ना? मग मुळात काही झालंच नव्हतं.”

दाजींचं हे वाक्य तीन आठवडे झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही. भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माझी थोरली बहीण, ताई, सगळ्यांबरोबर पंगतीला बसली होती आणि चक्क मठ्ठा घेत होती. तिला पंगतीत बसलेलं आम्ही कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मामींनी कौतुकानं विचारलं, “कुणाचं औषध लागू पडलं गं?” ताई म्हणाली, औषध नाही, संमोहन. त्यावर दाजी ते वाक्य बोलले. दाजी म्हणजे माझ्या मधल्या बहिणीचे यजमान. माणूस दुष्ट नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. ताई काहीच बोलली नाही. मठ्ठ्याची वाटी तेवढी तिनं हलकेच पुढे सरकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही.

ताईचं दुखणं म्हणजे आयबीएस. तो म्हणजे काय, हे मी इथे समजावत बसत नाही. ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना ते पाठ असतं. जेवण उतरायच्या आत येणारी कळ, मुरडा, ढोलासारखं फुगलेलं पोट. कधी चार दिवस काहीच नाही, कधी सकाळपासून पाच फेऱ्या. ताईची सुरुवात एका साध्या गॅस्ट्रोनं झाली. गॅस्ट्रो आठ दिवसांत गेला आणि हे मागे राहिलं ते चौदा वर्षं. एसटीनं निघायचं असलं की आदल्या दुपारपासून ती जेवत नसे. कार्यालयात शिरल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायची, मग त्या बाजूची खुर्ची धरायची. माझ्या मुलाच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवात नव्हती. अल्बममध्ये ती फक्त शेवटच्या एका फोटोत आहे. आणि सोनोग्राफी, रक्त, कोलोनोस्कोपी, प्रत्येक रिपोर्टवर एकच शब्द : नॉर्मल.

या शब्दापाशीच घोटाळा होतो. मराठीत ‘खोट’ आणि ‘खोटं’ यांत एका टिंबाचा फरक आहे. खोट सापडली नाही, असं डॉक्टर म्हणतात. घरचे ते ऐकतात आणि मनातल्या मनात ते टिंब देऊन टाकतात. मग खोट नसलेलं दुखणं खोटं ठरतं. दाजींनी त्या दिवशी हेच केलं.

त्यांनी ते करावं याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण दाजींची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही अशी तक्रार आली, तर ते काय करायचे? आधी कालवा बघायचे. फुटलाय का, गाळ साचलाय का, चारी कुणी अडवलीय का. काहीच नसलं तर ते शेतकऱ्याला खोटारडा म्हणत नसत. ते पाण्याची पाळी बघायचे. आवर्तन कधी सुटलं, कुणाचं दार किती वेळ उघडं राहिलं. कालवा धडधाकट असून शेवटचं शिवार वाळू शकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयबीएस हा असाच पाळी चुकल्याचा आजार आहे. आतड्याची भिंत शाबूत असते. आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपानिरोपी बिघडलेली असते. आतडं साधी हालचाल कळवतं आणि मेंदूला ती कळ म्हणून ऐकू येते. मेंदू घाबरून उलट हुकूम सोडतो आणि आतडं आणखी आवळतं. या विकारांचं वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञांनीही २०१६ साली त्यांना ‘आतडं आणि मेंदू यांच्या परस्परव्यवहारातले विकार’ असंच नाव दिलं.

आणि ही कळ मोजता येते. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकानं मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. इतरांना ज्या फुगवट्याचं फारसं काही वाटत नव्हतं, त्यानं आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना वेदना होत होत्या. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले. साथ ओसरली, पण कितीतरी लोकांच्या पोटात आयबीएस ठाण मांडून बसला. अख्ख्या गावानं ठरवून नाटक केलं, असं कोण म्हणेल?

हे सगळं मी दाजींना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मग असं असताना बोलण्यानं बरं कसं होतं, ते सांग.”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मँचेस्टरमध्ये आहे. तिथल्या पीटर व्होरवेल या पोटविकारतज्ज्ञानं १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग छापला. कशालाच दाद न देणाऱ्या तीव्र आयबीएसचे ३० रुग्ण घेतले. निम्म्यांना संमोहन उपचार दिले. उरलेल्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना मानसोपचार आणि सोबत औषध नसलेली गोळी दिली. म्हणजे बोलणं दोन्हीकडे होतं, आपुलकी दोन्हीकडे होती. दुसऱ्या गटाला थोडाफार उतार पडला, पण त्यांच्या शौचाच्या तक्रारी हलल्या नाहीत. संमोहनाच्या गटात दुखणं, फुगणं, शौच, सगळंच लक्षणीय सुधारलं. पुढे त्याच शहरात उपचार घेतलेल्या १००० रुग्णांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७६ टक्क्यांना गुण आला होता. फुग्याची चाचणीही पुन्हा झाली. ज्यांची आतडी अतिसंवेदनशील होती, त्यांची संवेदना उपचारानंतर नेहमीच्या माणसासारखी होऊ लागली. फुगा तोच होता, आतडं तेच होतं, मधे फक्त शब्द आले होते.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण संमोहन म्हटलं की आपल्याकडे वशीकरण आठवतं, मोहिनीविद्या आठवते, लोलक हलवणारा जादूगार आठवतो. पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्यानं ‘प्राणिज चुंबकत्वा’नं रोगी बरे करण्याचा धडाका लावला, तेव्हा १७८४ साली राजानं चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिये तिच्यात होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात ‘चुंबकत्व भरलं’ आणि एका मुलाला झाडाझाडापाशी नेलं. पोरगं चौथ्याच झाडाशी बेशुद्ध पडलं, आणि ते झाड भारलेलं नव्हतं. समितीनं निकाल दिला : चुंबकत्व वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनेची करामत. निकाल अगदी बरोबर होता. पण समिती तिथेच थांबली. मेस्मरचा शिष्य दे’लाँ याचं म्हणणं असं, की कल्पनेत एवढं बळ असेल तर त्या बळाचाच औषध म्हणून उपयोग का करू नये? त्या भोंदूपणाच्या ढिगाऱ्यात हा एक प्रश्न खरा होता आणि तो ढिगाऱ्याबरोबरच टाकला गेला. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जननं क्लोरोफॉर्म येण्याआधी, १८४५ पासून, याच रीतीनं गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं ते जेम्स ब्रेड या शल्यवैद्यानं, आणि तो राहायचा मँचेस्टरलाच. १८४१ साली मेस्मरच्या पद्धतीचा एक खेळ तो संशयानं बघायला गेला होता आणि विचारात पडून परतला. नावात झोप आली याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, कारण माणूस झोपत नाही. त्याचं चित्त एका जागी गोळा होतं, एवढंच.

ताईचं चित्त कुठे गोळा झालं, ते तिनं मला सांगितलं. पुण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे ती दर मंगळवारी जायची, असे बारा मंगळवार. खुर्चीत टेकून बसायचं, श्वास संथ करायचा, तळहात पोटावर ठेवायचा. बाई म्हणायच्या, हाताची ऊब आत उतरतेय, आतडी सैल होताहेत. मग म्हणायच्या, संथ वाहणारी एक नदी डोळ्यांपुढे आणा. “नदी काही येईना रे,” ताई म्हणाली. “मला आपल्या मळ्यातला पाट दिसला.” लहानपणी आमचे वडील, अण्णा, रात्रीचे दारं धरायला जायचे तेव्हा कंदील घेऊन ती पुढे असायची. वाफा भरला की अण्णा फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचे आणि पुढच्याचं फोडायचे. पाणी धावत सुटलं तर वाफा फुटतो, तुंबलं तर शेवटाला पोचत नाही. पाणी आलं की नाही ते बघायला ती अनवाणी पाय चिखलात रोवायची. बाईंनी नदी सोडून दिली आणि पाट धरला. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं. “आता रोज रात्री वीस मिनिटं मी दारं धरते,” ताई म्हणाली.

दाजींचा शेवटचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. ते म्हणाले, “आज तू हे मान्य केलंस, उद्या एखादा बाबाही हेच म्हणेल.” म्हणेल. म्हणून तर मोजमाप हवं. बाबा आपल्या अपयशाचे आकडे छापत नाही. इथे ते छापलेले आहेत. मँचेस्टरमध्येही जवळजवळ चौथ्या हिश्शाला गुण आला नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ साली मोठी चाचणी झाली, तिथे तीन महिन्यांनी पुरेसा आराम वाटला तो एकट्यानं संमोहन घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना, गटानं घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना आणि नुसती माहिती व आधार मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांना. निम्म्याहून जास्त लोक रिकाम्या हातानं परतले. शिवाय शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा पोट झोपेतून उठवत असेल, तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. संमोहन ही गोष्ट त्यानंतरची. जी विद्या स्वतःची हद्द सांगते तिला बाबाच्या रांगेत उभं करू नये.

हे सगळं दाजींना ऐकवून मी जिंकल्यासारखा बसलो होतो. मग माझ्याच बोलण्यातली एक गाठ मला दिसली. इतके दिवस मी एकच सिद्ध करत होतो, की ताईचं दुखणं मनाचं नाही. पण फुग्याची वेदना शब्दांनी बदलली असेल, तर मन त्यात आहेच की! दाजी म्हणतात, मनाचं आहे, म्हणून खोटं. मी म्हणत होतो, खरं आहे, म्हणून मनाचं नाही. दोघांची वाक्यं उलटसुलट, पण दोघांनी पायाला एकच दगड घेतला होता : मनाचं ते खोटं. खरं तर आपली भाषा असं कधी मानत नव्हती. भीतीनं पोटात गोळा येतो, लेकरासाठी आतडं तुटतं, कळकळीचा माणूस पोटतिडकीनं बोलतो. यातलं मन कुठलं आणि पोट कुठलं, हे निवडायला आपण कधी बसलो नाही. चिंचेचं नाव काढताच तोंडाला सुटणारं पाणी खरंच ओलं असतं. आग पाण्यानं विझली, म्हणून पाण्याच्या अभावी ती लागली होती असंही कुणी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांनी १२ महिने गुण आला नाही तर संमोहनासारख्या उपचारांचा विचार करावा, असं म्हटलं आहे. पूर्वी मला यात समंजसपणा दिसायचा. आता वाटतं, मनाचा दरवाजा शेवटी ठोठावायचा, ही त्याच जुन्या दगडावर चढवलेली आणखी एक वीट आहे.

परवा ताईला विचारलं, दाजींनी मनाचं म्हटलं ते लागलं का? ती म्हणाली, “मनाचं म्हणाले त्याचं काही नाही रे. झालंच नव्हतं म्हणाले ना. मग माझी चौदा वर्षं गेली कुठे?”

त्यातल्या काही वर्षांचा हिशेब मला ठाऊक आहे. आठव्या वर्षी एका डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञाकडे जायला सुचवलं होतं. तेव्हा ताईच्या शेजारच्या खुर्चीवर मी होतो. “माझी बहीण वेडी नाही,” असं म्हणून तिला हाताला धरून मी बाहेर घेऊन आलो. मी तिची बाजू घेतली असंच मला वाटलं होतं, आणि तिलाही. चौदातली ती सहा वर्षं माझ्या नावावर आहेत.