उतारवयाचा विमा व सत्यवचन

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस जी मोठी जत्रा भरते, तींत बैल घेणारा शेतकरी आधीं त्याचे दांत पाहतो, मग त्यास चालवून पाहतो. विकणारा व्यंग झांकतो व घेणारा तें हुडकतो, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. आरोग्यविम्याच्या बाजारांत मात्र हा न्याय उलटा होतो. तेथें दांत पाहिले जातात ते पैसे देऊन घेणाऱ्याचे. आणि व्यंग झांकण्याचा मोहही त्यालाच पडतो.

या मोहाचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला. आमचे एक वडीलधारे स्नेही शहापुरास राहतात. निवृत्त शिक्षक, वय ६७. पूर्वीं पासष्टीनंतर नवा विमा मिळणें दुरापास्त असे. १ एप्रिल २०२४ पासून ती अडचण नियामक प्राधिकरणानें दूर केली, म्हणून त्यांनीं विमा उतरविण्याचें ठरविलें व योजना निवडण्यास आम्हांस बोलाविलें. अर्जांतील मधुमेहाच्या प्रश्नाशीं येतांच विमा-प्रतिनिधि सहज म्हणाला, "गुरुजी, येथें 'नाहीं' लिहा. नाहीं तर हप्ता वाढेल आणि तीन वर्षें थांबावें लागेल."

गुरुजींची लेखणी थबकली. थोड्या वेळानें ते आम्हांस म्हणाले, "भातसा नि तानसा आमच्या उशाशीं. पाणी पिते मुंबई, आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. सगळें जग असें चाललें असतां या अर्जापुरतें आम्हीच तेवढें खरें बोलायचें का?"

या बोलण्यांतील दुःख खरें आहे, म्हणून तें धुडकावणें आम्हांस जमलें नाहीं. जुन्या आजारासाठीं तीन वर्षांपर्यंत थांबणें तिशींत कांहींच वाटत नाहीं. सदुसष्टाव्या वर्षीं त्या तीन वर्षांना वजन असतें. शिवाय बिलाचा पंचमांश रुग्णानें सोसावा ही अट ज्या कागदांत बारीक अक्षरांत दडलेली असते, त्या कागदाच्या कर्त्यानें सत्याचा उपदेश करूं नये. दोन लाखांच्या बिलांत ४० हजार घरून आणावे लागणार, हें त्यानेंही ठळक अक्षरांत सांगितलें पाहिजे.

तरीही प्रश्न उरतोच: खोटें लिहून आपण फसवितों कोणाला? विम्याचा पैसा हा अनेकांच्या हप्त्यांचा सांठा आहे. कंपनी त्याची राखणदार. नफा तिचा असला, तरी खोट्या माहितीचा भार अखेर पुढल्या वर्षीं सर्वांच्या हप्त्यावर पडतो, आणि त्यांत मुरबाडच्या एखाद्या निवृत्त गुरुजींचाही हप्ता असतो. ज्या अन्यायाबद्दल आमचे स्नेही हळहळले, तोच ते आपल्या हातून दुसऱ्यावर करणार होते. तलावाशेजारीं तहानलेला राहणारा मनुष्य तलाव फोडून सुखी होत नाहीं.

व्यवहारही याच बाजूला आहे. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर कंपनीस जुन्या माहितीवरून दावा नाकारतां येत नाहीं, असा नियम आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यांतून वगळलेली आहे. मुद्दाम झांकलेलें व्यंग त्यानंतरही उघडें पडूं शकतें, आणि तें नेमकें खाटेवर पडल्यावेळीं.

मग आम्हीं खऱ्याच्या आधारें हिशेब मांडला. मधुमेहाच्या गुंतागुंतीसाठीं थांबावें लागलेंच, तर त्या काळांत ठराविक उपचारांपुरता व ठराविक रुग्णालयांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गांठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान भारत योजनेचें संरक्षण आहे. गुरुजींचीं तीन वर्षें संपतील तेव्हां ते सत्तरीचेच असतील. म्हणून सर्वांत स्वस्त हप्ता न पाहतां आम्हीं इतर गोष्टी पाहिल्या: कल्याण-ठाण्याचीं कोणतीं रुग्णालयें यादींत आहेत, खोलीच्या भाड्यास मर्यादा आहे काय, आपला वांटा किती. कागद हातीं आल्यावर ३० दिवसांत तो परत करतां येतो, हेंही लक्षांत ठेविलें.

गुरुजींनीं 'होय' असें लिहिलें. हप्ता वाढूनच आला. तो त्यांनीं निवृत्तिवेतनांतून भरला, आणि कागद ट्रंकेंत ठेवण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविला.