पाव्हणं, कुठनं आलासा?

नेसरीच्या स्टँडवर अनोळखी माणूस उतरला की पहिला प्रश्न हाच येतो. कोल्हापूरकडे परक्याला हाक मारायला दुसरा शब्द शोधावा लागत नाही. वाट विचारणारा असो की पंक्चर काढायला थांबलेला, तो पाव्हणाच. सरकारी कागदावर मात्र तोच माणूस पर्यटक होतो. पर्यटकाला ठिकाण लागतं, पाव्हण्याला घर. नेसरीत घरं पुष्कळ. ठिकाण म्हणाल तर जवळची एक खिंड.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं होतं. खान उलटला आणि शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना कडक शब्दांत सुनावलं. खान नेसरीच्या बाजूला असल्याचं कळताच प्रतापराव मागच्या फौजेची वाट न पाहता त्याच्यावर तुटून पडले. इंग्रजांचे दुभाषी नारायण शेणवी यांनी त्याच एप्रिलमध्ये मुंबईला पाठवलेल्या पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेचा आणि प्रतापरावांसह पडलेल्या सहा स्वारांचा उल्लेख आहे. पुढे साडेतीन महिन्यांत, ६ जूनला, रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहायला प्रतापराव नव्हते.

कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि लता मंगेशकरांच्या आवाजामुळे ही खिंड मराठी घराघरांत पोहोचली. प्रत्यक्ष खिंडीत पोहोचलेली माणसं त्या मानाने फार थोडी. याचं कारण मला उघड वाटतं. १६७२ मध्ये याच प्रतापरावांनी मोरोपंतांबरोबर साल्हेरची लढाई जिंकली. साल्हेर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आपला पन्हाळाही गेला. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो, फोटो निघतो. खिंडीत डोंगराचे उतार आणि एक स्मारक. ही जागा नुसती बघून कळत नाही, कोणीतरी सांगावी लागते.

पर्यटनाचा समाजाला होणारा मोठा फायदा मला इथेच दिसतो. रोजगार, हॉटेलं, रस्ते हे सगळं खरं आहे आणि हवंही आहे. पण विचारणारा आला की गावाला सांगावं लागतं आणि सांगणाऱ्याला अभ्यास करावा लागतो. ‘ते सहा जण कोण होते?’ असं एखाद्या शाळकरी मुलीने विचारलं, तर गावातल्या पोराला उत्तर शोधावं लागेल. शेणवींच्या पत्रात त्यांची नावं नाहीत. आज सांगितली जातात ती नंतरच्या लेखनातून आलेली आहेत. हा फरक समजून सांगणारी चार पोरं गावात तयार झाली, तर तो फायदा कुठल्याही पार्किंगच्या पावतीपेक्षा मोठा आहे.

येणारे मात्र सगळे सारखे नसतात. चंदगडमार्गे तिलारी घाटाने गोव्याला निघालेली गाडी दहा मिनिटं थांबते, सेल्फी काढते, निघून जाते. तिचं डिझेल बाहेरचं आणि जेवण पुढच्या गावचं. पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा गाठणारे तर बाटल्या आणि पिशव्या मागे टाकून जातात. त्यांच्याबद्दल मला काही चांगलं लिहिता येणार नाही. शाळांच्या सहली येतात. वर्षातून एकदा भगवे झेंडे लावून तरुणांच्या मोटारसायकली येतात. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं असतं, मला त्याचा आदर आहे. पण घोषणा थांबल्यावर त्यांनी तासभर बसून ऐकावं, उमराणीपासूनची गोष्ट समजून घ्यावी, असं मनापासून वाटतं. सरनोबताची चूक, त्याला बसलेला बोल आणि त्याचं मरण हे सगळं एकत्र समजून घ्यायला शांतता लागते.

गावाला खरा उपयोग मुक्काम करणाऱ्याचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. तिथे कासवाची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून संवर्धन सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, त्यांच्या चुलीवरचं जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना पाहतात. कासव जगलं तर घर चालतं, हा हिशेब गावाने स्वतः मांडला. सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाने २०१७ मध्ये घरं पुस्तकांसाठी उघडली. दोन्ही गावांनी मोठं काही बांधलं नाही. होती ती दारं उघडली.

नेसरीच्या पंचक्रोशीत बंद दारांची कमी नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली, गाववाल्यांच्या खोल्यांत राहिली. गिरण्या बंद पडल्या, तरी नातवंडं तिकडेच राहिली. जत्रेला येतात, दोन दिवसांनी कुलूप लावून परततात. ही नातवंडंही आता स्वतःच्या गावात पर्यटक झाली आहेत. त्यांच्या या बंद घरांतल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या, राखणाऱ्या भावकीला त्यातून चार पैसे मिळाले, तर घर पडणार नाही आणि गावही रिकामं होणार नाही. जेवायला आजऱ्याच्या घनसाळचा वासाचा भात आहे, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्या दिवशी बघायला खडकात खोदलेल्या विहिरींचा सामानगड आहे, जिथे १८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. शिवाय तानाजी मालुसऱ्यांच्या वंशजांनी राखलेला पारगड. दोन मुक्कामांची सहज सोय होते.

यासाठी मोठ्या निधीची वाट बघत बसू नये, असं माझं मत आहे. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, खिंडीची गोष्ट नीट सांगणारा एक माणूस आणि मुक्कामाची दहा घरं, एवढ्यावर सुरुवात होते. पुतळे आणि कमानी नंतर.

तुम्ही यंदा या बाजूला येणार असाल, तर गाडीतून खिंड दाखवून मुलांना पुढे नेऊ नका. एक रात्र राहा. सकाळी लवकर खिंडीत जा, गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याला सगळं विचारा.